गोठते ते सगळे गार नसते
अवस्थाबदलाबद्दलचे पाच गैरसमज

बर्फ, पाणी आणि वाफ. शाळेत अवस्थाबदल शिकलो तो या तिघांच्याच आधारे, आणि मग पाण्याच्या सगळ्या खोडी इतर पदार्थांच्याही माथी मारून मोकळे झालो. हे समज तपासायला बंगळुरूच्या येलहंक्यातली ‘रेल व्हील फॅक्टरी’ उत्तम जागा आहे. १९८४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात रेल्वेचे भंगार विजेच्या आर्क भट्टीत वितळवतात आणि त्या रसातून नवी चाके ओततात. ॲक्सल मात्र ओतत नाहीत. ते तापवून, ठोकून घडवतात.

गैरसमज : गोठणे म्हणजे गारठणे.
वस्तुस्थिती : द्रवाचा घन झाला की तो गोठला, मग तो कितीही तापलेला असो. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला गोठते. साच्यातून निघालेले लालभडक चाक गोठलेलेच असते.

गैरसमज : उष्णता देत राहिले की तापमान वाढतच जाते.
वस्तुस्थिती : वितळणबिंदूवर आलेले एक किलो शुद्ध लोखंड पूर्ण वितळेपर्यंत सुमारे २४७ किलोज्यूल उष्णता पिऊन टाकते, आणि तापमान जागचे हलत नाही. ती उष्णता अणूंची घट्ट रचना मोडण्यात खर्ची पडते. हाच अप्रकट उष्मा. रस गोठताना ती सगळी परत बाहेर पडते आणि साच्याला ती ओढून घ्यावी लागते. येलहंक्यातले साचे ग्राफाइटचे असतात. ग्राफाइट उष्णता झपाट्याने वाहून नेते आणि पोलादाच्या रसाने वितळत नाही. पोलादात कार्बन मिसळलेला असल्याने ते एका ठरावीक अंशावर न गोठता तापमानाच्या एका पट्ट्यात गोठते. त्या दरम्यान आत घन-द्रवाचा लगदा असतो.

गैरसमज : गोठताना पदार्थ फुगतो.
वस्तुस्थिती : फुगते ते पाणी, बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बहुतेक पदार्थ आक्रसतात. कढवलेले तूप बरणीत थिजले की मधोमध खळगा पडतो, तो त्यामुळेच. पोलादही गोठताना साधारण ३ टक्के आक्रसते. चाकात असा खळगा किंवा आत पोकळी राहिली तर ते बादच. म्हणून साच्याला राईजर, म्हणजे जादा रसाचा कप्पा, ठेवतात. राईजरमधला रस सर्वांत शेवटी गोठतो आणि तोवर चाकाला पडणारी तूट भरून काढतो. कोल्हापूर, बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना हे नवे नाही. त्यांच्या करड्या बिडाला राईजर कमी लागतो, कारण बीड गोठताना त्यात ग्राफाइट वेगळे होऊन फुगते आणि आक्रसणे बरेचसे भरून निघते.

गैरसमज : पदार्थ घन झाला की बदल संपला.
वस्तुस्थिती : घनातल्या घनातही अवस्थाबदल होतो. शुद्ध लोखंडातले अणू ९१२ अंशांच्या वर एका रचनेत असतात, खाली दुसऱ्या. कार्बनमुळे पोलादात हा बदल आणखी खालच्या तापमानाला होतो. ओतलेले चाक पुन्हा तापवतात आणि रुळावर टेकणाऱ्या कडेवर पाण्याचे फवारे मारतात. झटकन निवल्याने कडेतली नवी रचना बारीक, म्हणून कठीण होते. शिवाय कडेत दाब साठून राहतो आणि भेगा सहजी पसरत नाहीत. चाकाची झीज आणि प्रवाशांची सुरक्षा या न दिसणाऱ्या बदलावर अवलंबून असते.

गैरसमज : पाणी १०० अंशांनाच उकळते आणि पांढरी दिसते ती वाफ.
वस्तुस्थिती : येलहंका समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरा ढग असतो तो वाफ निवून झालेल्या सूक्ष्म थेंबांचा. फार तापलेल्या धातूवर तर वाफेचा पातळ थर धरतो, पाण्याला धातूपर्यंत पोहोचू देत नाही आणि निवणे मंदावते. तो थर फोडायला जोराचा फवारा लागतो.

मुलांना अवस्थाबदल शिकवताना बर्फाचा खडा जरूर दाखवा. पण शेजारी थिजलेल्या तुपाची बरणीही ठेवा. गोठताना फुगणारे पाणी हा अपवाद आहे, नियम नव्हे.