मदन, मन्मथ आणि रोमन क्युपिड

मदन म्हणजे हिंदूंचा क्युपिड, असें समीकरण आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून रूढ आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ सालीं कामदेवावर इंग्रजी स्तोत्र रचलें, आणि ग्रीस, इटली व हिंदुस्थान येथील देवतांचा मेळ घालणारा निबंधहि लिहिला. तेव्हांपासून ही जोडी विशेष जमली. काव्यांत ती शोभते. परंतु मूर्ति ओळखतांना व पोथीचा काल ठरवितांना तीच संशोधकास आडवाटेस नेते, असें आमचें मत आहे.

रोमन क्युपिड हा व्हीनसचा पुत्र. बहुधा पंख असलेला खोडकर बालक. ओव्हिडनें त्यास दोन प्रकारचे बाण दिले आहेत : सोन्याचा प्रीति उपजविणारा व शिशाचा ती घालविणारा. (डोळ्यांवरील पट्टी मात्र रोमन नव्हे; ती युरोपांतील मध्ययुगीन चित्रकारांनीं बांधली.) हें बालक आपल्या देशापर्यंत आलेंहि होतें. बडोद्याजवळ अकोटा येथें सांपडलेल्या रोमन धाटणीच्या ब्राँझच्या मुठीवर त्याची आकृति आहे. पण त्यावरून आपला मदन घडला असें म्हणण्यास आधार नाहीं.

आपला मदन बालक नव्हे, तरुण आहे. त्याचें धनुष्य उसाचें, बाण पांच फुलांचे, ध्वजावर मकर, आणि शेजारीं रति. वेरूळच्या कैलासांत रति-मदनाची जोडी ऊंस पाहून ओळखतां येते. विष्णुधर्मोत्तर पुराणांत तर तो अष्टभुज सांगितला असून त्याचे चार हात पत्नींवर ठेवलेले व उरलेल्या चारांत शंख, पद्म, धनुष्य व बाण आहेत. पंख असलेलें पोर शोधणारा मनुष्य अशा मूर्तीस विष्णु म्हणून मोकळा होईल! देगलूर तालुक्यांतील होट्टल, म्हणजे जुन्या लेखांतील पोट्टल, येथील चालुक्यकालीन मंदिरांसारख्या स्थळीं शिल्पें पाहणाऱ्यानें ऊंस व मकर हीं चिन्हें आधीं पाहावीं, धनुष्य मागाहून.

सर्वांत मोठा भेद अंगाचा आहे. शिवानें जाळल्यापासून मदन अनंग झाला. क्युपिडला अशी गति नाहीं. आणि देगलूरच्या टापूंत हें दहनच लोकांच्या स्मरणांत अधिक आहे. येथें मराठी, तेलुगु व कानडी मुलूख एकमेकांस भिडतात. फाल्गुनी पौर्णिमेस मराठींत होळी म्हणतात; तेलुगूंत तीच कामुनि पुन्नमि, आणि कानडींत कामन हब्ब. मराठी नांवांत देव उरला नाहीं, शेजारच्या दोन्ही भाषांत तो राहिला आहे.

आतां पोथ्यांकडे वळूं. या भागांतील पुष्पिकेंत 'मन्मथ' हा शब्द आला म्हणजे प्रेमदेवतेचा संबंध असेलच असें नाहीं. वीरशैव परंपरेंतील मन्मथस्वामी, 'परमरहस्य' या मराठी ग्रंथाचे कर्ते, यांची समाधि बीड जिल्ह्यांत कपिलधार येथें आहे. त्यांच्यामुळें मराठवाड्यांतील लिंगायत घराण्यांत हें नांव सर्रास ठेवतात. ज्या शिवानें मन्मथास जाळिलें, त्याच्याच भक्तांनीं तें नांव आदरानें धरावें, हें आम्हांस मोठें मनोज्ञ वाटतें.

शिवाय मन्मथ हें साठ संवत्सरांपैकीं एकोणतिसाव्याचें नांव आहे. दक्षिणेकडील गणनेनें शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें; बाकी २९ उरली तर मन्मथ संवत्सर. शके १५७७, १६३७, १६९७, १७५७ हीं अशीं वर्षें होत.

तिसरा घोटाळा अंकांचा. शब्दांनीं अंक सांगण्याच्या पद्धतींत 'बाण' म्हणजे ५, कारण मदनाचे बाण पांच; परंतु 'काम' म्हणजे १३. समजा 'काम-ऋषि-इंदु' असा शब्द आला. अंक उजवीकडून डावीकडे मांडले म्हणजे १७१३ होतात. कामास ५ धरल्यास १७५ इतकेंच उरतात, व अशा शकाची मराठी पोथी संभवत नाहीं. 'कामबाण' असा समास असल्यास तो एकच शब्द धरावा कीं दोन, हें मात्र शब्दावरून कळत नाहीं. अशा वेळीं संवत्सराचें नांव शोधावें. शके १७१३ चें नांव विरोधकृत् आहे. पोथींत तेंच असेल तर वाचन बरोबर, अन्य नांव असेल तर अंक पुन्हां जुळवून पाहावे आणि तिथि-वार मिळतो कीं काय तेंहि तपासावें.