आईचे दूध आणि जुनी जखम

आईच्या दुधाची गोष्ट निघाली की आपल्याला रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेली हिरकणी आठवते. एस. टी. स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांनाही आपण तिचेच नाव दिले आहे. पण एखाद्या समाजात याच गोष्टीला अपमानाची आठवण चिकटलेली असेल तर? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे काहीसे असेच आहे.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. तोवर कित्येक गुलाम स्त्रियांना मालकाच्या मुलांना अंगावर पाजावे लागे. पोटचे पोर मात्र मागे राही. पुढे डब्याच्या दुधाचा जमाना आला. १९४६ साली उत्तर कॅरोलायनात फुल्ट्झ नावाच्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी एकसारख्या चार मुली जन्मल्या. बाळंतपण करणाऱ्या गोऱ्या डॉक्टरनेच त्यांची नावे ठेवली आणि एका दूध कंपनीशी करारही जमवला. मग त्या मुली डब्याच्या दुधाच्या जाहिरातींत झळकू लागल्या.

आता आकडे पाहा. २०१५ साली जन्मलेल्या गोऱ्या बाळांपैकी शेकडा ८५.९ बाळांना आईचे दूध मिळू लागले. कृष्णवर्णीय बाळांत हे प्रमाण ६९.४ होते. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण त्यांच्यात दुपटीहून अधिक आहे. त्याला कारणे पुष्कळ; पण आईचे दूध जुलाब आणि श्वसनाच्या आजारांपासून बाळाला जपते, म्हणून हा फरक किरकोळ नव्हे.

“आयांनाच कळत नाही,” असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण २०११ च्या सरकारी पाहणीत दिसले की, कृष्णवर्णीयांची वस्ती जास्त असलेल्या भागांतल्या इस्पितळांत जन्मल्याबरोबर बाळ अंगावर घेण्यास मदत करणे, ते आईजवळच ठेवणे, या गोष्टी कमी होत. रजेचे म्हणाल, तर १९९३ चा देशव्यापी कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. आणि लहान धंद्यातल्या कामगाराला तेवढीसुद्धा नाही. मग बाई लवकर कामावर जाते आणि दूध आटते.

म्हणून मदत करायची ती त्या घराची रीत ओळखून. एक उदाहरण घ्या. स्तनाला सूज येऊन ताप भरला तर “लाली दिसते का पाहा,” असे पुस्तकात लिहिलेले असते. काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा आणि आईची वेदना, हीच खूण. आजीने आपली मुले डब्याच्या दुधावर वाढवली असतील, तर तिला दोष देऊन भागत नाही. तिलाच शेजारी बसवून समजावावे लागते. बापालाही यात घ्यावे लागते. आणि सल्ला देणारी बाई त्याच वस्तीतली, स्वतः पाजलेली असेल, तर शंका मोकळेपणी विचारल्या जातात.

हे काम त्या समाजातल्या स्त्रियांनीच हाती घेतले आहे. २०१३ पासून दर ऑगस्टच्या अखेरीस त्या कृष्णवर्णीय स्तनपान सप्ताह पाळतात. २०२२ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी दूध काढून ठेवण्यासाठी वेळ आणि आडोशाची जागा अधिक स्त्रियांना मिळाली.

शिक्षकांनी आणि आरोग्यसेविकांनी यातून एवढे घ्यावे, की एखादी आई चांगला सल्ला मानत नसेल, तर तिला अडाणी ठरवण्याआधी तिची अडचण विचारावी. उत्तर बहुधा तिच्यापाशीच असते.