टाकीतले पेट्रोल किती दिवस टिकते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोल आणि डिझेल साठवणीत बिघडतात. मात्र हा बिघाड कॅलेंडरवरून ठरत नाही; तो भांडे, ऊन, हवा आणि पाणी यांवर ठरतो. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान 42 अंशांच्या पुढे असते आणि लगेच जूनमध्ये पावसाळी दमट हवा येते. त्यामुळे थंड प्रदेशातले आडाखे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कोट्यवधी वर्षे जमिनीखाली टिकलेल्या तेलाला टाकीत वर्षभरात काय होणार, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. जमिनीखालचे कच्चे तेल हवेपासून तुटलेले असते आणि पेट्रोल म्हणजे कच्चे तेल नव्हे. शुद्धीकरण कारखान्यात जड रेणू तोडून पेट्रोलचा बराच भाग तयार होतो आणि त्यात ओलेफिन नावाची संयुगे येतात. हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची हळूहळू अभिक्रिया होऊन आधी पेरॉक्साइडे आणि मग चिकट डिंकासारखा पदार्थ बनतो. तापमान दर 10 अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणूनच कारखान्यात पेट्रोलमध्ये ऑक्सिडीकरणरोधक मिसळतात, आणि भारतीय मानकानुसार 100 अंश तापमानात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते किमान 360 मिनिटे टिकावे लागते.

महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीतले पेट्रोल वाया गेले, हा समज दुसऱ्या टोकाचा आहे. बीपी या तेल कंपनीच्या मार्गदर्शनानुसार सीलबंद डब्यात, सावलीत पेट्रोल वर्षभर टिकते. सील तुटल्यावर 20 अंशांत सहा महिने आणि 30 अंशांत तीन महिने. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनला याहून कमी मुदत धरणेच शहाणपणाचे. तरीही मार्च 2020 च्या टाळेबंदीत दोन-तीन महिने बंद राहिलेल्या गाड्यांपैकी अनेक सुरू न होण्यामागे पेट्रोलपेक्षा उतरलेली बॅटरी हे कारण अधिक संभाव्य होते.

खरी अडचण टाकीपेक्षा कार्ब्युरेटरमध्ये होते. जुन्या दुचाकीच्या किंवा फवारणी पंपाच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडेसेच पेट्रोल असते आणि ती हवेला उघडी असते. आधी ब्युटेनसारखे हलके घटक उडून जातात. इंजिन थंड असताना पेट घेण्याचे काम याच घटकांचे, म्हणून किक मारूनही गाडी उठत नाही. मागे उरलेल्या भागाचा चिकटा जेटच्या बारीक छिद्रात बसतो. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात हंगाम संपल्यावर ठेवून दिलेले पेट्रोल पंप पुढच्या हंगामात अडून बसतात ते यामुळेच. हंगामाअखेर टाकी रिकामी करून, वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवले की हा त्रास टळतो. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये इंधनमार्ग बंदिस्त असल्याने ही तक्रार बरीच कमी असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतले पाणी ओढून काही दिवसांतच ‘पाणी’ होते, हा समज 6 फेब्रुवारी 2023 पासून ई-20 पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागल्यावर आणखी पसरला. इथेनॉल पाणी शोषते हे खरे. पण 10 टक्के इथेनॉल असलेले 10 लिटर पेट्रोल जवळपास 50 मिलिलिटर पाणी विरघळवून ठेवू शकते, आणि ई-20 त्याहूनही जास्त. नीट बंद टाकीच्या वायुमार्गातून इतकी वाफ शिरायला फार काळ लागतो. पाणी येते ते झाकणाचे रबर गेल्यामुळे, गाडी धुताना किंवा पावसात उघड्यावर ठेवल्यामुळे. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसते, आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. इंधनाची नळी तळातूनच ओढते, म्हणून गाडी एकदम बंद पडते. ढवळून हे थर पुन्हा एकजीव होत नाहीत. टाकी रिकामी करणे हाच उपाय.

डिझेल पेट्रोलपेक्षा कमी उडते, त्यामुळे ते कायम टिकते असे मानले जाते. थंड, कोरड्या जागी ते सहा महिने ते वर्षभर चांगले राहते. त्याचा शत्रू तळाचे पाणी. अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये रात्री दव धरते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर ‘होर्मोकोनिस रेसिनी’सारखी बुरशी वाढते. सोसायटीचा किंवा रुग्णालयाचा जनरेटर महिनोन्‌महिने चालत नाही आणि ऐन गरजेच्या वेळी फिल्टर काळपट बुळबुळीत थराने तुंबतो. टाकीच्या तळाचे पाणी ठरावीक काळाने काढणे हे महागड्या रसायनांपेक्षा अधिक उपयोगी असते.

उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, हा संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरतो. इंडियन ऑइलने तो जाहीरपणे खोडून काढला आहे: निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे कोणत्याही ऋतूत सुरक्षित असते. ठिणगीशिवाय पेटायला पेट्रोलला सुमारे 250 अंश किंवा अधिक तापमान लागते. नागपूरचा उच्चांक 47.9 अंशांचा, 23 मे 2013 चा. उलट, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर भरलेली टाकी बरी, कारण आत हवा आणि ओलावा कमी राहतो.

घरी पेट्रोल साठवणे ही मात्र खरोखर धोक्याची गोष्ट आहे. उणे 40 अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले जास्तीत जास्त 30 लिटर पेट्रोल विनापरवाना ठेवता येते, तेही काचेच्या किंवा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या किंवा धातूच्या 25 लिटरपर्यंतच्या भांड्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या यात बसत नाहीत. या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे.

जुने पेट्रोल ओळखायला रंग आणि वास पुरतो. ते स्वच्छ आणि नेहमीच्या वासाचे असेल तर भरपूर ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून वापरता येते. गडद तपकिरी झालेले, आंबूस किंवा वार्निशसारखा वास येणारे पेट्रोल मिसळूनही सुधारत नाही. बाजारात मिळणारे इंधन टिकवण्याचे द्रावण ताज्या पेट्रोलमध्ये घातले तरच ऑक्सिडीकरण लांबवते. तयार झालेला डिंक ते विरघळवत नाही. असे पेट्रोल नालीत ओतू नये, ते गॅरेजमार्फत अधिकृत टाकाऊ तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.