उंबरखिंडीतले किताबवाले

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंडीचे स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी याच अरुंद वाटेत मोगली फौज कोंडली. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले होते. सोबत रायबागन होती. तिच्या सल्ल्याने कारतलबखान शरण आला आणि खंडणी कबूल करून, सामानसुमान टाकून माघारी फिरला. लढाई सर्वांच्या परिचयाची आहे. पण मोगलांकडच्या या तिघांपैकी एकाचेही हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हते.

रायबागन म्हणजे माहूरची सावित्रीबाई देशमुख. हा किताब तिला औरंगजेबाने दिला. शाहिस्तेखान मूळचा मिर्झा अबू तालिब, आणि त्याचे सारे घराणेच किताबांचे. आजोबा गियास बेग इतिमाद-उद्दौला झाले, बाप अबुल हसन आसफखान झाला. आत्या मेहरुन्निसा ती नूरजहाँ, बहीण अर्जुमंद बानू ती मुमताज महल. पाळण्यातली नावे आता हुडकावी लागतात.

कारतलब म्हणजे कामाला उत्सुक. हाच किताब चाळीसेक वर्षांनी औरंगजेबाने बंगालचा दिवाण मुहम्मद हादी याला दिला. पुढे त्याला मुर्शिद कुली खान हा किताब मिळाला आणि त्यावरून मुर्शिदाबाद शहराला नाव पडले. मोगलाईत किताब सहसा वारशाने मिळत नसे. माणूस मेला की तो दरबारात जमा होई आणि दुसऱ्याच्या अंगावर चढे. पगार आणि घोडेस्वार ठरत ते मनसबीवरून. किताबाने वाढे तो मान. कागदपत्रे वाचणाऱ्याची मात्र यात भलतीच फजिती होते.

ही रीत बगदादची. दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या हातातली सत्ता बुवैही सरदारांकडे गेली. खलिफाकडे देण्यासारखे उरले ते ‘दौला’ जोडलेले किताब. गझनीच्या महमूदलाही ‘यमीन-उद्दौला’ तिथूनच मिळाला. अकराव्या शतकातल्या सेल्जुक वजिराने ‘सियासतनामा’त किताब फार स्वस्त झाल्याची तक्रार केली आहे. त्याचे नाव हसन, पण जग त्याला ओळखते निजामुल्मुल्क या किताबाने!

खालापूर तालुक्यातलेच चौक हे नेताजी पालकरांचे गाव मानले जाते. महाराजांचे हे सरनौबत १६६६ मध्ये आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे गेले. औरंगजेबाने त्यांना कैद करून मुसलमान केले, मुहम्मद कुली खान म्हटले आणि काबूलकडच्या मोहिमेवर पाठवले. १६७६ मध्ये ते स्वराज्यात परतले, महाराजांनी त्यांना पुन्हा हिंदू धर्मात घेतले, आणि खानकी तिथेच सुटली.

दरम्यान १६७४ च्या राज्याभिषेकात महाराजांनी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली होती. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. बोलण्यात मात्र पेशवा टिकला तो कायमचा. किताबांची हौसही ओसरली नाही: संताजी घोरपड्यांना राजाराम महाराजांनी दिलेला ‘ममलकतमदार’ पुरता फारसी आहे.

इंग्रजांनी हीच दुकानदारी पुढे चालवली. हिंदूंना रावबहादूर, मुसलमान आणि पारशांना खानबहादूर, आणि त्याहून मोठ्या असामीला ‘सर’. कर्जत तालुक्यातल्या नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती बांधणारे अब्दुल हुसेन पीरभॉय यांचे वडील, बोहरा उद्योगपती आदमजी, त्याच वर्षी ‘सर’ झाले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १८ मध्ये असे किताब देणे बंद केले. मुजुमदार, सरनोबत आणि इनामदार तोवर आडनावे होऊन शाळेच्या हजेरीपटावर चढले होते.