शाळेचा प्रश्न कोणाच्या दाराशी न्यायचा?

जिल्हा परिषदेची निवडणूक आली की मंगरूळपीर तालुक्यातल्या गावोगावी आणि तांड्यांवर उमेदवार येतात, आणि शाळेचा विषय निघतोच. कोणी शिक्षक आणून देण्याचा शब्द देतं, कोणी नव्या इमारतीचा, कोणी इंग्रजीचा. यातलं त्या उमेदवाराच्या हातात किती आहे, हे मात्र सभेत कोणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? एका शाळेचा कारभार मुंबईचं मंत्रालय, पुण्याची शिक्षण कार्यालयं, वाशिमची जिल्हा परिषद, मंगरूळपीरची पंचायत समिती आणि खुद्द गाव अशा पाच ठिकाणी वाटला गेला आहे. ही वाटणी कळली नाही तर काम करणारा उमेदवार आणि नुसता बोलणारा उमेदवार यांतला फरक ओळखता येत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे, कायद्याने पालकाला दिलेला अधिकार न वापरता पडून राहतो. म्हणून वारंवार कानावर येणारे काही समज आणि त्यांची वस्तुस्थिती इथे मांडली आहे.

गैरसमज १ : शाळा 'बोर्ड' चालवतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत स्थानिक शाळांसाठी स्वतंत्र मंडळ असतं आणि त्याचे सदस्य बहुतेक ठिकाणी लोक थेट मतदानाने निवडतात. आपल्याकडे तशी निवडणूक नाही. आपण ज्याला 'बोर्ड' म्हणतो ते राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ. वाशिम जिल्हा त्याच्या अमरावती विभागात येतो. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणं आणि निकाल लावणं हे त्याचं काम. गावातल्या चौथीच्या वर्गाला शिक्षक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आहे. राज्यात सत्तेचं विकेंद्रीकरण कसं करावं हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्रत्येक जिल्हा परिषदेत निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण समिती असते. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या हाताखाली केंद्रप्रमुख असतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद, नगर परिषद आणि ग्रामपंचायत यांच्यावर, प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण देण्याचं कर्तव्यच टाकलं.

मंगरूळपीर शहरात राहणाऱ्यांनी आधी आपल्या मुलाची शाळा कोणाची आहे हे पाहावं : नगर परिषदेची, जिल्हा परिषदेची की खासगी अनुदानित संस्थेची. त्यावर तक्रारीचं दार बदलतं.

वऱ्हाडाला स्थानिक कारभाराचं महत्त्व नवं नाही. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षणाचा प्रसार आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणं ही कामं त्यांनी त्या पदावरून केली. जिल्ह्याच्या पातळीवरचं पद लहान नसतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

गैरसमज २ : आपला माणूस झेडपीत गेला की शिक्षक आणून देईल.

वस्तुस्थिती : शिक्षक किती द्यायचे हे संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांना मिळणारी मंजुरी, ठरवते. तिचे निकष राज्य सरकारचे असतात आणि ती पटावर अवलंबून असते. भरती राज्य पातळीवर होते : उमेदवार शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी देतो, पुढे पवित्र पोर्टलवरून त्याची निवड होते. बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभाग ठरवतो आणि बदल्या ऑनलाइन होतात. त्यामुळे 'दोन महिन्यांत मास्तर देतो' असं म्हणणाऱ्या उमेदवाराच्या हातात ती गोष्ट नाही.

मग सदस्य काय करू शकतो? रिक्त पदांची शाळानिहाय यादी शिक्षण समितीत मागू शकतो. एका शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असताना दुसऱ्या शाळेतून तात्पुरती व्यवस्था का झाली नाही, हे सर्वसाधारण सभेत विचारू शकतो. कायद्याचं मापही त्याच्या हाताशी आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, ९१ ते १२० पर्यंत ४, असं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नयेत, हेही कायद्यात आहे. हे आकडे घेऊन भांडणारा सदस्य गावाला हवा.

पालकांचंही एक काम यात आहे. पट मोजताना आधारशी जुळलेल्या नोंदी धरल्या जातात. मुलाच्या नावातली किंवा जन्मतारखेतली चूक वेळेत दुरुस्त झाली नाही, तर वर्गात रोज बसणारं मूलही हिशेबातून सुटू शकतं, आणि त्यापायी शाळेचं एक पद जाऊ शकतं.

गैरसमज ३ : पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होणारच.

वस्तुस्थिती : ही भीती उगाच निर्माण झालेली नाही. २०१७ च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय घेतला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तोरणमाळ आणि पानशेत इथल्या शाळा त्यासाठी नमुना म्हणून पुढे ठेवल्या होत्या.

पण कायदा अंतर सांगतो. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी. जिथे ती देता येत नाही, तिथे मुलांच्या येण्याजाण्याची मोफत सोय करणं हे सरकारचं काम आहे. तांड्यावरच्या सहा-सात वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागणार असेल, तर 'पट कमी' एवढं कारण पुरेसं नाही. शाळा व्यवस्थापन समितीने (तिच्याविषयी पुढच्या मुद्द्यात) ठराव करावा, ग्रामसभेनेही करावा, त्यात अंतर, रस्त्याची अवस्था आणि मुलांची संख्या लिहावी, आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. पटसंख्येचा निकष राज्याचा असला तरी गावाची खरी परिस्थिती कागदावर आणण्याचं काम गावालाच करावं लागतं.

गैरसमज ४ : शाळा समिती म्हणजे सरपंच आणि मुख्याध्यापक.

वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. राज्याने जून २०१० च्या शासन निर्णयाने समितीची रचना ठरवली. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक सदस्य-सचिव. समितीची मुदत दोन वर्षं, आणि बैठक महिन्यातून किमान एकदा.

म्हणजे ज्या निवडणुकीत तुमचं मत तुमच्या मुलाच्या शाळेवर सर्वांत थेट उमटतं, ती हीच. तिला प्रचार नसतो, बॅनर नसतात, म्हणून ती नजरेतून सुटते. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि तेच दिवस सोयाबीन-कापसाच्या पेरणीचे. अशा घाईत बोलावलेल्या सभेला दहा-बारा माणसं येतात आणि नावं आधीच ठरल्यासारखी लिहिली जातात. सभा संध्याकाळी घ्या, दवंडी द्या, तांड्यावर आणि वस्तीवर निरोप पाठवा, अशी मागणी पालकांनी आधीच लेखी करायला हवी.

एक फरक लक्षात ठेवावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत आणि इतर सर्व खासगी अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्लागार असते. जिल्हा परिषद आणि नगर परिषदेच्या शाळांत, माध्यम मराठी असो वा उर्दू, तिला पूर्ण अधिकार आहेत.

गैरसमज ५ : शिकलेला नसेल तर समितीत बसून काय कळणार?

वस्तुस्थिती : पालक सदस्यासाठी शिक्षणाची कोणतीही अट कायद्याने घातलेली नाही, आणि ते योग्यच आहे. खिचडी कच्ची होती का, शौचालयाला पाणी आहे का, मुलगी मधल्या सुट्टीत घरी का पळून येते, शिक्षक किती वाजता येतात, हे सांगायला पदवी लागत नाही. मजुरीला जाणारी आई या गोष्टी सगळ्यांत आधी जाणते. तिला समितीत बोलू दिलं, तर शाळेचं चित्र खरं उमटेल.

गैरसमज ६ : समितीच्या हातात पैसा नसतो, आणि ग्रामपंचायतीचा शाळेशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदानाची तरतूद आहे : ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. रक्कम लहान आहे. पण ती कुठे खर्च झाली यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे. शाळा विकास आराखडा तयार करणं हेही तिचंच काम. हा आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात किती शिक्षक, किती खोल्या, किती शौचालयं कमी आहेत हे नोंदवायचं असतं. आराखडा नीट लिहिलेला असेल तर उमेदवाराला दाखवायला गावाकडे कागद असतो. नसेल तर नुसती तोंडी कुरकुर उरते.

ग्रामपंचायतही वेगळी नाही. पिण्याचं पाणी, स्वच्छता, शाळेच्या आवारातली छोटी कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेता येतात. त्यासाठी ग्रामसभेत शाळेचा विषय काढणारं कोणी तरी हवं.

गैरसमज ७ : समितीचा अध्यक्ष शिक्षकाला काढू शकतो.

वस्तुस्थिती : नाही. नेमणूक, शिस्तभंग आणि बदली हे प्रशासनाचे अधिकार आहेत. समिती हजेरी पाहू शकते, नोंद करू शकते, वर कळवू शकते. शिक्षकाशी भांडण मांडण्यासाठी समिती नाही. उलट चांगल्या शिक्षकाला गावाचं पाठबळ देण्याचंही काम तिचंच. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये, असं कलम २७ म्हणतं. शिक्षकाला वर्गातून वारंवार बाहेर काढलं जात असेल, तर त्याविरुद्ध ठराव समितीने करावा. गैरहजेरीची तक्रार करणाऱ्या गावाने हे कारणही तपासायला हवं.

गैरसमज ८ : दाखला नसेल तर प्रवेश नाही, आणि कामाला बाहेरगावी गेलं की मुलाची शाळा सुटली.

वस्तुस्थिती : जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाही. मूल वयानुसार योग्य वर्गात बसतं, आणि मागे पडलं असेल तर त्याला विशेष प्रशिक्षण मिळालं पाहिजे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना याचा थेट उपयोग आहे. मूल सोबत जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं आणि पोहोचल्या ठिकाणच्या शाळेत दाखवावं. मूल गावातच राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी कुटुंबं निघण्याआधी, पावसाळा संपण्यापूर्वीच पुढे जायला हवी. जिल्हा परिषदेच्या सदस्याने यात लक्ष घातलं, तर त्याच्या मतदारसंघातली कितीतरी मुलं शाळेत टिकतील.

गैरसमज ९ : खासगी शाळेत २५ टक्के जागा आहेत, मग सरकारी शाळेची काळजी कशाला?

वस्तुस्थिती : त्या जागा हा हक्कच आहे आणि तो टिकवावा लागला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. पण खासगी विनाअनुदानित शाळा मुख्यतः शहरांत आणि मोठ्या गावांत असतात. शंभर उंबऱ्यांच्या गावाला आणि तांड्याला आधार जिल्हा परिषदेच्या शाळेचाच आहे.

मत देण्याआधी

उमेदवार दारात आला की त्याला त्याच्या अधिकारातलंच विचारावं. आपल्या गटातल्या किती शाळांत पदं रिक्त आहेत, हे त्याला माहीत आहे का? निवडून आल्यावर तो शिक्षण समितीत जायला तयार आहे का? जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे सेस फंडातून, शाळांसाठी काय मागेल? स्थलांतरित मुलांसाठी काय करेल? या प्रश्नांना जो नेमकं उत्तर देईल, आणि जे हातात नाही ते नाही म्हणून सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

उत्तर मिळो न मिळो, पालकाकडे आणखी एक वाट आहे. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे देता येते. कलम ३२ नुसार तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. झेडपीचं मत पाच वर्षांनी एकदा येतं. समितीची बैठक दर महिन्याला असते. या महिन्याची बैठक कधी आहे, हे उद्याच शाळेत जाऊन विचारा.