विंचवाचं बिऱ्हाड, साडेचार टनांचं

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहाटे मार्केट यार्डात शिरणारी, कोबी-फ्लॉवरने शिगोशीग भरलेली बोलेरो येते. अमेरिकेतली डिझेल पिकअप हे वेगळंच जनावर आहे. रिकामी असतानाच तिचं वजन साडेतीन टनांच्या आसपास, आणि तिच्यामागे जोडलेला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणजे चाकांवरचं अख्खं घर: पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या. ‘एअरस्ट्रीम’ कंपनीचा चंदेरी, ३३ फुटी ‘क्लासिक’ सामानानिशी १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार टनांपर्यंत जातो. हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निवृत्त जोडपी महिनोन्महिने फिरत असतात.

या पिकअपची परीक्षा बघायची तर कोलोरॅडोत जावं. डेन्व्हरच्या पश्चिमेला इंटरस्टेट ७० या महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे. त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ अडीच पट उंचीवर. डिलन गावाकडून तिथवर साधारण आठ मैलांची चढण आहे आणि चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो: शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. वाहनांची परीक्षणं करणारी मंडळी पिकअपमागे ट्रेलर लावून मुद्दाम याच घाटात येतात.

एवढ्या उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, त्यामुळे बोगद्यापाशी पोचेपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा गळालेला असतो. डिझेलचा टर्बो विरळ हवाच दाबून आत कोंबतो, म्हणून त्याला उंचीचा त्रास कमी. शिवाय डिझेलचा जोर कमी फेऱ्यांत मिळतो. डॉज कंपनीने १९८९ साली पिकअपमध्ये पहिल्यांदा कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा त्याचा टॉर्क सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता. २०१९मध्ये त्याच घराण्यातलं ६.७ लिटरचं इंजिन साडेतेराशेच्या पुढे गेलं. तुलनेला आपली डिझेल इनोव्हा क्रिस्टा घ्या: ३४३. पुणेकरांना कमिन्स हे नाव नवं नाही. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत ही कंपनी कोथरूडला आली आणि तिच्या नावाचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज कर्वेनगरात आहे.

तर, ओढण्याचा प्रश्न इंजिनाने केव्हाच सोडवला आहे. माणसं फसतात ती दुसरीकडे.

जाहिरातीत ठळक आकडा असतो तो ओढण्याच्या क्षमतेचा, १५ हजार, २० हजार पौंड वगैरे. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, छोट्या स्टिकरवर छापलेला असतो: माणसं आणि सामान मिळून या गाडीवर किती वजन चालेल. समजा तिथे २,१०० पौंड लिहिलंय. ट्रेलरची दांडी पिकअपच्या मागच्या बाजूला टेकते आणि ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिच्यावर टाकते. १०,००० पौंडांच्या ट्रेलरचे झाले साडेबाराशे. जोडणीच्या लोखंडाचे शंभर. उरले साडेसातशे. आईबाप आणि दोन कॉलेजवयीन मुलं बसली की साडेसहाशे गेले. आता शंभर पौंडांत, म्हणजे पंचेचाळीस किलोंत, हत्यारांची पेटी, बर्फाचा डबा, जनरेटर आणि कुत्रा बसवून दाखवा! डिझेल इंजिन मुळातच जड, त्यामुळे काही वेळा साध्या पेट्रोल पिकअपच्या स्टिकरवरचा आकडा डिझेलपेक्षा मोठा निघतो. शोरूममधला विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असं नाही.

मग दांडीवर भार कमीच का टाकू नये? बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे विचारावं लागत नाही. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर येते. मागे जास्त झालं तर उलाळ होते, जू वर उचललं जातं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली कोल्हापूर-सांगलीकडे सगळ्यांनी पाहिली आहेत. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या ट्रेलरची उलाळ मात्र वेगळी दिसते. तो शेपूट हलवू लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला की डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोक्याला जरा जास्त, आणि शेवटी पिकअपलाही सोबत फिरवतो. मागच्या टोकाला ४० गॅलनची टाकी भरली तर तिथे दीडशे किलो वाढले. एवढ्यानेही तोल बिघडू शकतो.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तीच चूक ठरते. करायचं ते असं: अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक-कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागचं मागे खेचलं गेलं की दोन्ही वाहनं दोरीसारखी ताणून सरळ होतात. मुळात वेळ येऊ नये म्हणून स्प्रिंगच्या दांड्यांची जोडणी लावतात. ती दांडीवरचा काही भार पिकअपच्या पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलते. कॅलिफोर्नियाने तर ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादाच घातली आहे.

बोगद्यातून उलट, पश्चिमेकडे उतरताना रस्त्याकडेला खडी भरलेले आडचढ दिसतात, ब्रेक गेलेल्या ट्रकांनी शिरण्यासाठी. डिझेलची एक उणीव इथे कळते. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. डिझेलमध्ये तशी झडपच नसल्याने ते फारसं धरत नाही. म्हणून ‘एग्झॉस्ट ब्रेक’. तो टर्बोच्या पात्या मिटवून धुराची वाट अडवतो, इंजिन गुरगुरतं आणि आठ टनांचं गाडं चाकांच्या ब्रेकला फारसा हात न लावता उतरतं. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर ‘ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर’ म्हणतात, त्यातही इंजिनालाच ब्रेक करण्याची युक्ती आहे.

उतार संपल्यावर पहिल्या थांब्यावर जुनेजाणते आधी ट्रेलरभोवती चक्कर मारतात. दांडीखाली फुलीसारख्या टाकलेल्या साखळ्या बघतात. दांडी निसटलीच तर ती रस्त्यावर न आपटता त्या झोळीत अडकावी म्हणून त्या फुलीत टाकायच्या. मग वाकून एकेका चाकाच्या तुंब्याला हात लावतात. कोमट असेल तर ठीक. चारांपैकी एकच चाक हात ठेववणार नाही इतकं तापलं असेल, तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरलाय, आणि त्या दिवशीचा मुक्काम तिथेच.