ऐन वेळी युरोपास जावयाचे असल्यास

आमच्या भागात मोठ्या खर्चाचे बेत संत्र्याच्या बहारावर ठरतात. मृगबहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उतरतात, बागेचा पैसा हाती येतो, आणि त्याच सुमारास मुलांच्या परीक्षाही संपत आलेल्या असतात. मग पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या घरात रात्रीच्या जेवणानंतर गोष्ट निघते की, या सुट्टीत युरोप पाहून यावे. पूर्वी ही गोष्ट ‘अपूर्वाई’सारखे प्रवासवर्णन वाचून निघे व तेथेच थांबे, आता ती पुष्कळदा तडीस जाते. परंतु बेत एप्रिलात ठरावा आणि प्रस्थान मे महिन्यात व्हावे, इतका थोडा अवधी असला म्हणजे काय साधते व काय सोडून द्यावे लागते, हे विद्यार्थ्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. सुवेझ कालवा १८६९ साली खुला झाल्यामुळे जलप्रवास पुष्कळ आटोपशीर झाला होता, तरी त्यास आठवडेच लागत. मात्र पारपत्र नावाची वस्तू त्या काळी प्रवाशाला सहसा लागत नसे; ते बंधन पहिल्या महायुद्धाच्या काळात आले व आपल्याकडे १९२० च्या कायद्याने पक्के झाले. आज मुंबईहून पॅरिस विमानाने नऊ-दहा तासांवर आहे, आणि आठवडे लागतात ते कागदांना. घाईच्या प्रवासाचे सारे गणित या उलटापालटीत आहे. विमानाचे तिकीट पैसे मोजले की एका रात्रीत मिळते. व्हिसा तसा मिळत नाही.

लक्झेंबर्ग देशात मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक खेडे आहे. १४ जून १९८५ रोजी तेथे नदीतील एका बोटीवर पाच देशांनी करार केला की, आपापसांतील सरहद्दींवरची तपासणी उठवावी. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. पोळ्याचा दुसरा दिवस सोडला तर आपण जाम नदी ओलांडून पांढुर्ण्याहून सावरगावास जसे सहज जातो, तसे तेथे फ्रान्समधून बेल्जममध्ये व बेल्जममधून नेदरलँड्समध्ये जाता येते. एकाच व्हिशावर हे सर्व देश पाहता येतात. मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. अर्ज करावयाचा तो ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम पाऊल ठेवावयाचे त्या देशाकडे. कोठे भेटीची वेळ लवकर मिळते हे पाहून एका देशाकडे अर्ज करावा आणि सारे दिवस दुसऱ्याच देशात काढावेत, ही युक्ती काही लोक सुचवितात. आम्हांस ती मुळीच पसंत नाही; सरहद्दीवरचा अधिकारी मुक्कामाचे कागद पाहावयास मागू शकतो, आणि मुलांसमक्ष तशी उलटतपासणी होणे बरे नव्हे.

आता दिवस मोजू. समजा, २५ मे रोजी निघावयाचे आहे. अर्ज निघण्यापूर्वी निदान १५ दिवस आधी, म्हणजे १० मेपर्यंत, दाखल झालाच पाहिजे. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो. परंतु अधिक चौकशीची गरज वाटल्यास तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. २५ मेपासून ४५ दिवस मागे गेले की १० एप्रिल येतो. तेव्हा निर्धास्तपणे जावयाचे असेल तर १० एप्रिलला बेत ठरून भागत नाही, त्या दिवशी अर्ज आत गेलेला हवा. वस्तुतः अर्ज सहा महिने आधीही घेतात. आंब्याबहाराची संत्री उतरत असताना नोव्हेंबराच्या अखेरीस हे काम करता आले असते. परंतु तेव्हा ज्यांना सुचले त्यांना या लेखाची गरजच नाही.

म्हणून बेत ठरला त्या रात्री विमानाचे भाडे पाहत बसू नये. आधी घरातील सर्वांची पारपत्रे काढून पाहावीत. ती दहा वर्षांच्या आत दिलेली असावीत, परतीच्या दिवसानंतर तीन महिने चालणारी असावीत, आणि त्यांत दोन पाने कोरी असावीत. चूक निघते ती बहुधा मुलांच्या पारपत्रात. मोठ्यांचे पारपत्र दहा वर्षे चालते, लहानांचे पाचच. आईबापांचे नीट असते आणि नवव्या इयत्तेतील मुलाचे संपून गेलेले असते. २०१८ पासून पारपत्राचा अर्ज देशात कोठूनही करता येतो, त्यामुळे आपल्याला भोपाळऐवजी शंभर किलोमीटरांवरचे नागपूर निवडता येते. पोलिसांची चौकशी मात्र आपल्या पत्त्यावरच होते. पांढुर्णा हा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. जुन्या कागदांवर एक जिल्हा व नव्यांवर दुसरा, असे असल्यास ते आधीच जुळवून घ्यावे. पारपत्रच नसेल तर त्या वर्षी मेमधील युरोपचा नाद सोडावा हे उत्तम.

खर्चाचे एक उदाहरण घेऊ. आई, वडील, आजी, चौदा वर्षांची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा असे पाच जण आहेत. जून २०२४ पासून व्हिशाचे शुल्क मोठ्यांस ९० युरो व सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांस ते नाही. चौदा वर्षांची मुलगी येथे मोठ्यांतच धरली जाते. एकूण ४०५ युरो झाले, म्हणजे युरोचा भाव शंभर रुपये धरला तर चाळीस हजारांवर. अर्ज नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही. शिवाय प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते. आजींनाही त्यातून सूट नाही. म्हणून परत न होणारे तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत घेऊ नये. भाडे वाढेल ही भीती खरी आहे, पण पाच तिकिटे बुडण्याची भीती तिच्याहून मोठी आहे.

शहरे किती घ्यावीत? आठ दिवसांत सहा शहरे पाहिल्याचे सांगणारे लोक भेटतात. त्यांनी बहुतेक सहा स्थानके पाहिलेली असतात. ऐन वेळच्या प्रवासास आम्ही दोनच शहरे सुचवू: पाच रात्री पॅरिस, तीन रात्री अ‍ॅमस्टरडॅम, आणि अर्ज फ्रान्सकडे. दोहोंमध्ये थेट आगगाडी आहे व ती साडेतीन तासांच्या आत पोहोचविते. लंडनचा मोह सर्वांनाच होतो, कारण समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसहून तेथे सव्वादोन-अडीच तासांत जाता येते. परंतु ब्रिटन शेंगेनच्या बाहेर आहे. त्याचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळे. हाती सहा आठवडे असता लंडन पुढच्या खेपेस ठेवावे.

घाईत आणखी एक गोष्ट हुकते. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ इंटरनेटवर मिळतात, आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची खुली होतात. तिची रोजनिशी वाचलेल्या मुलीला दारातून परत फिरावे लागणे हे फार वाईट. म्हणून व्हिशाचा निकाल लागण्याआधीच हे तिकीट काढावे. त्याचे पैसे बुडाले तरी ते थोडे आहेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते व व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. लूव्रमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातही तसेच. आपल्या वयाचा असा उपयोग विद्यार्थ्यांनी अवश्य करून घ्यावा.

पॅरिसची भुयारी रेल्वे जुनी असून तिच्या पुष्कळ स्थानकांत जिन्यांवाचून गत्यंतर नाही. आजी बरोबर असल्यास बसने फिरावे. वेळ थोडा अधिक जातो, पण रस्ता दिसतो. मेअखेरीस तेथे रात्री साडेनऊच्या पुढे सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी दोन तास विश्रांती घेतली तरी दिवस पुरतो.

शिदोरीविषयी सांगावयाचे राहिले. दूध व मांस यांचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. चटण्या, कोरडे पोहे, भाजणी यांस अडचण नाही. ताजी फळेही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्रावाचून चालत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर व ड्यूरियन या पाचांनाच त्यातून वगळले आहे, संत्र्याला नाही. तेव्हा पॅरिसमधील आप्तांसाठी बागेतील करंडी बांधावयाची कोणास हौस असेल, तर ती संत्री नागपूरच्या विमानतळापर्यंतच वाटून संपवावी.